एका केबीतल्या अम्मा

मी एकदा दोन जीबीची सासू एका केबीत बसवली होती.

हे वाचून जे हसतील त्यांना कम्प्युटरमधलं कळतं. जे नुसत्या आठ्या घालतील त्यांच्यासाठी सांगते: दोन जीबी म्हणजे माजघरातलं मोठं लाकडी कपाट धरा, आणि एक केबी म्हणजे त्या कपाटाच्या किल्लीला बांधलेला दोरा. मी कपाट दोऱ्यात भरलं. म्हणजे भरलं असं समजले, स्वतःशीच टाळी वाजवली, आणि मग खुशाल कपाट जाळायला परवानगी दिली. वय काही सोळा नव्हतं. बावन्न होतं. डोळ्यांवर चष्मा होता. भिंतीवर कम्प्युटरचं सर्टिफिकेट होतं, फ्रेम करून, देवांच्या फोटोंच्या ओळीत.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे कत्तिरी सुरू झाली. मे महिन्यातल्या या पंचवीसेक दिवसांना चेन्नईत कत्तिरी म्हणतात. तमिळमध्ये कत्तिरी म्हणजे कात्रीसुद्धा. कात्रीच ती. दिवसाचे दोन तुकडे करते, अकराच्या आधीचा आणि पाचच्या नंतरचा. मधला कापून फेकून देते. त्या फेकलेल्या तुकड्यात रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. नळाचं पाणी चहाला चालेल इतकं गरम येतं. गच्चीच्या फरशीवर पाय टेकवत नाही, आणि अशा फरशीवर आमच्या घरात गेली शंभर वर्षं तरी वडाम घातले जातात. तांदळाचं पीठ शिजवून, जिरं-हिंग घालून, जुन्या धुतलेल्या धोतरावर बोटाने थापायचे. ओले असतात तेव्हा तळव्याएवढे, वाळले की अंगठ्याएवढे, आणि तेलात टाकले की पुन्हा तळव्याएवढे. कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. एवढं सोपं. तरी मला पंधरा दिवसांचा क्लास लावावा लागला.

परवा सकाळी मी गच्चीवर वडाम घालत होते. माझी नात नंदिनी ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. कंपनीची बस यायला दहा मिनिटं होती म्हणून फोन हातात धरून वर आली. कावळे येऊ नयेत म्हणून मी वाळवणावर दोरी बांधते आणि दोरीला जुन्या सीड्या टांगते. उन्हात त्या लखलखतात, कावळे बिचकतात. तीन सीड्या आहेत. दोन कोऱ्या. तिसरीवर मार्करने काहीतरी लिहिलेलं आहे. दरवर्षीच्या उन्हाने अक्षरं उडत उडत आता एक ‘अ’ आणि एक ‘पूर्ण’ एवढंच राहिलंय.

“पाट्टी, हे काय लिहिलंय?” नंदिनीने विचारलं. आजी हा शब्द तिला येतो, पण तोंडात पाट्टीच येतं.

“अगं, ती मोठी गोष्ट आहे. त्याचं असं झालं, तुझे आजोबा निवृत्त झाले, तेव्हा…”

“बस येईल, पाट्टी. शॉर्टा सोल्लु.”

थोडक्यात सांग. तमिळ आणि इंग्रजीची गाठ मारून केलेलं हे वाक्य तिने सहज फेकलं आणि जिना उतरून गेली. मी पिठाचा हात तसाच धरून उभी राहिले. कोणाचं देणं कोणाच्या तोंडून वसूल होतं बघा.

मी सांगलीची. लग्नात माझ्या वडिलांनी सांगितलं होतं, “मराठीच आहेत गं. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेले, एवढंच.” तीनशे वर्षं म्हणजे वडिलांना मिरजेहून कोल्हापूरला जाण्याइतकं वाटलं असावं. मद्रासला उतरले, तेव्हा मद्रासच म्हणायचे, आणि सासूबाईंनी, म्हणजे अम्मांनी, दारात मला ओवाळून पहिलं वाक्य उच्चारलं: “ये गे, आंत ये, तण्णी पी, मग बैस.” मला ‘तण्णी’ कळलं नाही आणि ‘गे’ ऐकून हसू फुटलं. नव्या नवरीने दारातच फिसकन हसणं बरं नव्हे, म्हणून मी खोकल्याचं सोंग केलं. अम्मांनी लगेच आणखी तण्णी आणवलं. तण्णी म्हणजे पाणी.

अम्मांची मराठी म्हणजे आमच्या आजोबांच्या पोथीने तमिळ हेल काढून बोलावं तशी. सगळीकडे अनुस्वार. ‘तेव्हां’, ‘कुठें’, ‘नाहीं’. मध्येच तमिळ शब्द येई, तो असा मुरलेला की त्यांना तो परका वाटतच नसे. आणि मी? मी सांगलीच्या शाळेत मराठीत पहिली येणारी मुलगी. माझ्या अंगात जणू शुद्धलेखन संचारलं होतं. बावीस वर्षांची ती सुमती मला आज कुठे भेटली तर मी तिचा कान धरीन, पिळीन, आणि मग दुसरा धरीन.

“मूट्टै नाही अम्मा, गाठोडं.”

“वडाम नाही अम्मा, सांडगे.” हे तर चूकसुद्धा होतं. वडाम म्हणजे सांडगे नव्हेतच. पण दुरुस्त करायची खुमखुमी.

अम्मा रागावायच्या नाहीत. हातातलं काम न थांबवता म्हणायच्या, “नांव कांहीं ठेव गे. तेलांत फुललें म्हणजे पुरे.”

आणि बोलायच्या तरी किती! साधी भेंडीची भाजी करायची तर भेंडी कोणत्या आत्याला आवडायची, ती आत्या कोणत्या गावी दिली, त्या गावच्या कालव्याला पाणी कधी सुटायचं, पाणी सुटलं की मुली काय गायच्या, हे सगळं आल्याशिवाय भेंडी कढईत पडत नसे. एकच गोष्ट चार वेळा, आणि चारही वेळा जराशी वेगळी. मी पोळपाट-लाटणं घेऊन शेजारी उभी. माझं एक वाक्य ठरलेलं होतं. दिवसातून किमान दहादा तरी.

“थोडक्यात सांगा, अम्मा.”

त्या थांबायच्या. हसायच्या. “थोडक्यांत… बरें,” म्हणायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

उन्हाळ्यात मी माहेरी जायची तेव्हा सांगलीच्या ओसरीवर माझा एक खेळ व्हायचा. सगळ्या बहिणी, वहिन्या गोळा करून मी अम्मांची नक्कल करायची. मान अशी डोलावून, हेल असा काढून, “कायि गे, जेवण झालें कीं?” लोक पोट धरून हसायचे. एकदा राव मला न्यायला आले ते नेमके खेळाच्या मध्यावर. दारात उभे राहिले, ऐकलं, चपला काढल्या आणि आत जाऊन पाणी प्यायले. आमचे राव म्हणजे माझे यजमान. तंजावरकडच्या आमच्या लोकांत राव हेच आडनाव होऊन बसलंय, म्हणून मीही त्यांना रावच म्हणते. एका दगडात नाव आणि आडनाव दोन्ही. बंदराच्या कचेरीत आयुष्यभर कागद लावून ठेवायचं काम केलेला माणूस. न बोलणं हा त्यांचा स्वभाव होता आणि मला ती संमती वाटायची. तीस वर्षं वाटत होती.

राव निवृत्त झाले आणि त्याच सुमाराला अम्मांच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी रावांना बाहेर बोलावून काय सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते माउंट रोडच्या मागच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत गेले आणि एक कम्प्युटर आणि एक माइक घेऊन आले. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती.

“अम्माचं बोलणं भरून ठेवायचंय,” ते म्हणाले. “घरांत आतां असं बोलणारं दुसरं कोणी नाहीं. मी बोलतों तें अर्धं. लेकीला पाव येतं. नंदिनीला काय येणार?”

नंदिनी तेव्हा चार वर्षांची होती.

कत्तिरीचे दिवस होते. दुपारी कोणी येत-जात नाही, फेरीवालेसुद्धा ओरडत नाहीत, म्हणून रावांनी दुपारच निवडली. एकच अडचण आली, ती म्हणजे पंखा. पंख्याची घरघर माइकमध्ये शिरायची. शेवटी पंखा बंद, खिडक्या बंद. त्या भट्टीत अम्मा पाटावर बसायच्या, भिंतीला टेकून, समोर माइक. राव शेजारी बसून मधूनमधून ओल्या पंचाने त्यांचा गळा पुसायचे, आवाज होऊ नये म्हणून अगदी हलक्या हाताने. अम्मा कम्प्युटरला पेट्टी म्हणायच्या. पहिल्या दिवशी माइककडे संशयाने बघत म्हणाल्या, “ह्या पेट्टींत मी सगळी कशी मावूं रे?”

“मावशील,” राव म्हणाले. “सावकाश बोल.”

सावकाश बोल! तीस वर्षांत त्या बाईला हे कोणी म्हटलं नव्हतं. मग त्या जे बोलल्या! वीस दुपारी. गौरीची गाणी, पाळणे, कालव्याचं पाणी, आत्या, मावश्या, कोणत्या नात्याला काय म्हणायचं, आंबट वरणात काय आधी पडतं. घामाने लुगडं पाठीला चिकटलेलं, पण डोळे मिटून, एका लयीत बोलत राहायच्या. मी मधूनच दार ढकलून आत जायची, ताक द्यायच्या निमित्ताने. आणि तोंडातून सवयीने निघायचंच. राव हात वर करून मला थांबवायचे. रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज येतो म्हणून.

आता क्लासचं सांगते. रावांनी कम्प्युटर आणला आणि मला वाटलं, या घरात एका तरी माणसाला तो चालवता आला पाहिजे, आणि ते माणूस मी. अड्यारला एका टिफिनच्या हॉटेलावर क्लास होता. जिन्यात सांबाराचा वास, वर्गात दहा कम्प्युटर आणि वीस विद्यार्थी, त्यात एकोणीस कॉलेजातले. विसावी मी, नारळीकाठाची साडी आणि डब्यात दहीभात. शिकवायला विजयलक्ष्मी मॅडम. पन्नाशीच्या, अंबाड्यात मोगरा, हातात फूटपट्टी, आणि फूटपट्टीचा उपयोग मोजण्यासाठी नव्हता.

मॅडमनी फायली बांधायच्या तऱ्हा शिकवल्या. टार म्हणजे नुसतं बांधणं. शंभर वस्तूंचं एक बोचकं, पण वजन तेवढंच. झिप म्हणजे बांधणं आणि दाबणंही. रार म्हणजे आणखी दाबणं, आणि हवे तर तुकडे पाडणं. पण एक तुकडा हरवला की बाकीचे असून नसल्यासारखे. मला हे फार आवडलं. मी वहीत या सगळ्यांना मराठी नावं देत बसले. झिपला ‘गाठोडं’ लिहिलं. मूट्टै नव्हे, गाठोडं.

मग मॅडम म्हणाल्या, झिप दाबते ती कशी? फायलीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली तर ती एकदाच लिहून ठेवते आणि बाकीच्या ठिकाणी नुसती खूण करते. जितकी पुनरुक्ती जास्त, तितकं गाठोडं लहान. उघडलं की सगळं जसंच्या तसं, काही गळत नाही. पण गाण्यांची एमपीथ्री वेगळी. तिच्यात कानाला जे ऐकू येणार नाही असं यंत्राला वाटतं ते काढून टाकतात, आणि काढलेलं परत येत नाही.

मी हात वर केला. “मॅडम, कानाला काय ऐकू येत नाही हे यंत्राने कसं ठरवायचं?”

मॅडमनी फूटपट्टी टेबलावर आपटली. “चांगला प्रश्न आहे. उत्तर पुढच्या कोर्समध्ये.”

पुढचा कोर्स मी केला नाही. उत्तर मात्र मला माहीत होतं. तीस वर्षं मी तेच काम करत होते. सांगलीला पत्रं लिहायची तेव्हा अम्मांचं बोलणं मी ‘नीट’ करून लिहायची. अनुस्वार काढायचे, तण्णी काढायची, कालवा काढायचा, आत्या काढायची. उरायचं काय, तर ‘सासूबाई बऱ्या आहेत.’

त्या दिवशी तास संपता संपता मॅडम आणखी एक वाक्य म्हणाल्या. बॅकअप घेतला की तो दुसऱ्या कम्प्युटरवर उघडून बघा. उघडून बघितला नाही तोवर बॅकअप घेतला असं म्हणू नका. हे वाक्य माझ्या वहीत नाही. मी तेव्हा ‘अर्काइव्ह’ला दप्तर म्हणावं की संग्रह म्हणावं या विचारात होते.

कत्तिरी संपायला आली आणि कम्प्युटर आजारी पडला. उष्म्याने असेल, आतून टकटक आवाज करायला लागला. दुरुस्तीला एक गृहस्थ आले, कपाळभर विभूती लावलेले. त्यांनी पेट्टीला कान लावला, डॉक्टरसारखा, आणि म्हणाले, “सगळं पुसून नव्याने भरावं लागेल. उद्या येतो. जे हवं असेल ते आज काढून ठेवा.”

राव लगेच तीन कोऱ्या सीड्या घेऊन आले. “अम्माचं दोन जीबीच्या आसपास आहे. तीन लागतील.”

“तीन कशाला?” मी म्हटलं. “मी झिप करते. एकीत बसवते की नाही बघा.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. कागद लावून ठेवणारा माणूस; एवढी महत्त्वाची फाइल त्यांनी कधी दुसऱ्याच्या हातात दिली नसेल. पण माझं सर्टिफिकेट भिंतीवर होतं, आणि मी ते रोज पुसत होते. “कर,” ते म्हणाले आणि अम्मांना इस्पितळात दाखवायला घेऊन गेले.

कम्प्युटरच्या पडद्यावर ‘अम्मा’ नावाचा एक पिवळा फोल्डर होता. मला शोधाशोध करावी लागू नये म्हणून रावांनीच तो समोर आणून ठेवला होता. त्याच्या कोपऱ्यात एक बारीकसा वाकडा बाण होता. मला वाटलं असेल काहीतरी, टिकलीसारखं. तो बाण म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांनी इथे कपाळावर हात मारून घ्यावा. तो फोल्डर नव्हता. फोल्डर आत कुठेतरी दुसरीकडे होता, आणि हे नुसतं त्याच्याकडे दाखवणारं बोट होतं. शॉर्टकट. दारावरची पाटी. मी पाटी उचलली आणि तिचं गाठोडं बांधलं.

क्षणात झालं. मी आकार पाहिला: एक केबी.

आता कोणाही शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. दोन जीबीचं एक केबी? मला शंका नाही आली. मला आनंद झाला. आणि का झाला ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, इथे सांगते. मला मॅडमचं वाक्य आठवलं. जितकी पुनरुक्ती जास्त, तितकं गाठोडं लहान. मी मनात म्हटलं, बरोबर आहे! अम्मांचंच बोलणं ते! एकच गोष्ट चारदा! यंत्राने बरोबर ओळखलं. वीस दुपारी बोलल्या, पण खरं बघायला गेलं तर एवढंच आहे त्यात. तीस वर्षं मी जे म्हणत होते त्याला यंत्राने शिक्का मारून दिला होता.

चूक बाणाची नव्हती हो. बाणाला कोणीही फसलं असतं. चूक ही की आकडा मला पटला.

सीडीवर ते गाठोडं उतरवलं. मार्करने ठसठशीत लिहिलं: अम्मा – संपूर्ण. उरलेल्या दोन सीड्या गच्चीवर नेऊन वाळवणावर टांगल्या. राव आल्यावर त्यांना सीडी दाखवली. “एकीत?” त्यांनी विचारलं. “एकीत,” मी म्हटलं. अम्मा दमून खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनी सीडी हातात घेतली, तिच्यात स्वतःचा चेहरा पाहिला, केस सारखे केले आणि म्हणाल्या, “मावलें मी?”

“मावलात अम्मा, वर जागा उरलीय,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी विभूतीवाले आले आणि त्यांनी पेट्टी पुसून कोरी केली. मीच त्यांना कॉफी दिली, स्टीलच्या पेल्यात, फेस काढून.

त्यानंतर अम्मा सहा महिने होत्या. हे सहा महिने मला सगळ्यात जास्त चावतात. सहा महिने ती बाई माझ्या स्वयंपाकघरात बसून बोलत होती. पुन्हा पंखा बंद करून पुन्हा बोलल्या असत्या. विचारलं असतं तर दुप्पट बोलल्या असत्या. पण सीडी कपाटात रेशमी साड्यांच्या खाली सुखरूप होती ना. उलट मी जास्तच निर्धास्त झाले. “हे सगळं झालंय भरून, अम्मा,” असं म्हणून मी त्यांना आता दुप्पट वेगाने गप्प करू लागले. राव समोर असले की तेही नुसतं हसायचे. त्यांनाही वाटत होतं, झालंय भरून.

कार्तिकात, चेन्नईच्या खऱ्या पावसाळ्यात, अम्मा गेल्या. फार त्रास झाला नाही, पहाटे चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेल्या. तेरावा झाला, पाहुणे पांगले. घरात एक प्रकारची शांतता आली. तिच्यासाठी मी तीस वर्षं नवस बोलले असते, आणि ती अशी आली की मला स्वयंपाक करवेना. चौदाव्या दिवशी दुपारी राव म्हणाले, “सीडी काढ. आवाज ऐकूं.”

त्यांनी अंघोळ केली होती. कम्प्युटरसमोर खुर्ची ओढून, धोतर सारखं करून बसले. आणि उठून पंखा बंद केला. आता पंख्याने काही बिघडणार नव्हतं, पण त्यांनी बंद केला.

मी गाठोडं उघडलं. आत तोच पिवळा फोल्डर, कोपऱ्यात बाण. त्यावर टिचकी मारली. पडद्यावर एक लहानशी चौकट आली आणि तिच्यात एका टॉर्चचं चित्र. टॉर्च डावीकडे गेला, उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे. यंत्र शोधत होतं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ एवढाच, की ज्याच्याकडे हे बोट दाखवतंय ते सापडत नाही, शोध चालू आहे. आम्ही दोघं त्या टॉर्चकडे बघत बसलो. किती वेळ, कोण जाणे. बाहेर पाऊस पडत होता. डावीकडे, उजवीकडे. मग टॉर्च थांबला.

“काय झालं?” रावांनी विचारलं.

मला तेव्हा सगळं कळलं. बाण, एक केबी, मॅडमचं न लिहिलेलं वाक्य, सगळं एकदम. मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट थोडक्यात सांगितली नाही. रडत, अडखळत, पुन्हा पुन्हा, चारदा सांगितली, अगदी अम्मांसारखी. राव ऐकत होते. हात गुडघ्यांवर होते, ते तसेच राहिले.

मग मला आठवलं. क्लासमध्ये सराव करायला मी एक फ्लॉपी नेली होती. फ्लॉपीत मावतं ते किती, म्हणून एका दुपारचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून घेतला होता. मी धावत जाऊन शिवणाच्या डब्यातून ती काढली. बुरशीचा डाग होता, पण चालली.

खरखर झाली. मग अम्मा. अगदी तशाच, जवळ, श्वासासकट.

“…त्या वर्षीं कालव्यास पाणी आलें, तेव्हां आमची आज्जी घाटावर उभी राहून एक गाणें म्हणायची बघ, तें गाणें कोणास ठाऊक नाहीं आतां, मीच एक…”

आणि दार उघडल्याचा आवाज. भांड्याचा आवाज. आणि मी. ठणठणीत, सांगलीची, अनुस्वाराविना:

“थोडक्यात सांगा, अम्मा. भात उतरायचाय.”

मग अम्मांचं हसणं, लांबून एक कावळा, आणि संपलं.

ते गाणं कोणतं, मला माहीत नाही. रावांनाही आठवलं नाही. ते त्यानंतर नऊ वर्षं होते. या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. फ्लॉपी पुढच्या उन्हाळ्यात वाचेनाशी झाली. ती सीडी मी रावांच्या पश्चात बाहेर काढली आणि इतर दोघींच्या शेजारी टांगली. कावळे तिला भितात, एवढा तिचा उपयोग.

नंदिनी कधीतरी विचारते, पणजी बोलायची कशी? मी मान डोलावते, हेल काढते, “कायि गे, जेवण झालें कीं?” ती खदखदून हसते. आता जगात अम्मांचा आवाज उरलाय तो एवढाच, माझ्या गळ्यातला, आणि तो टिंगलीचा आहे. मी तो खरा काढायचा प्रयत्न करते कधी कधी, गच्चीवर एकटी असले की. जमत नाही. मी फक्त लोक हसतील तेवढंच लक्षात ठेवलं होतं.

त्या दुपारी फ्लॉपी संपल्यावर मात्र राव उठले, पंखा चालू केला, आणि माझ्याकडे न बघता, आवाज जराही न चढवता म्हणाले,

“तीस वर्षं तिला म्हणत होतीस ना, थोडक्यांत सांगा, अम्मा, थोडक्यांत. सांगितलं बघ तिनें.”